पोलीस दलात वेल्फेअर आणि करमणुकीचं काम शून्यातून कसं उभं करायचं: अनुभवातून आलेली पद्धत

वेल्फेअरचा चार्ज हातात आला की बहुतेक अधिकारी पहिल्या आठवड्यात सामान मागवतात, कॅरम, टेबल टेनिसचं टेबल, एखादी ट्रेडमिल. मीही तेच केलं होतं. सामान आलं, खोली रंगवून घेतली, वरिष्ठांच्या हस्ते फीत कापली, फोटो झाले, आणि दोन महिन्यांनी स्टॉक तपासायला गेलो तर स्ट्रायकरच्या डबीचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं. एका जुन्या हवालदारांना विचारलं, का हो, कोणी येत नाही का इकडे? ते म्हणाले, साहेब, खोली सहाला बंद होते, आम्ही सुटतो नऊला, आणि सुटल्यावर आम्हाला झोप पाहिजे असते.

त्या एका उत्तराने माझ्या कामाचा क्रमच बदलला. आधी माणसाला वेळ मिळवून द्यायचा, मग त्याचा विश्वास कमवायचा, मग पैशाचा हिशोब उघडा ठेवायचा आणि सामान सगळ्यात शेवटी. खाली जे लिहितोय ते याच क्रमाने लिहितोय. तुमचं युनिट ४० जणांचं असो की ४००० जणांचं, क्रम तोच चालतो, फक्त रजिस्टर जाड होतं.

पहिला महिना: काही विकत घेऊ नका, फक्त विचारा

विचारायचं म्हणजे परेडनंतर सगळ्यांना उभं करून "काही अडचण आहे का" असं विचारायचं नाही. अधिकाऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत, कोण बोलणार? त्यापेक्षा तिन्ही पाळ्यांना स्वतः जा. रात्री अडीचला लॉकअप गार्डजवळ जाऊन दहा मिनिटं बसा, कंट्रोल रूममध्ये बसा, गाडीच्या ड्रायव्हरशी बोला. ज्यांचा आवाज कधीच वर येत नाही त्यांची वेगळी यादी काढा: ड्रायव्हर, वायरलेस ऑपरेटर, फिक्स पॉइंटवरचे गार्ड, मुद्देमाल सांभाळणारे, कारकून, सफाई कर्मचारी. वेल्फेअर म्हणजे फक्त वर्दीवाल्यांसाठी असा एक समज असतो, तो पहिल्याच दिवशी मोडायचा.

त्याच्याबरोबर एक निनावी चिठ्ठी काढा, पाचच प्रश्न, जास्त नकोत. मी हे विचारायचो: गेल्या महिन्यात किती साप्ताहिक सुट्ट्या खरंच मिळाल्या, ड्युटीच्या ठिकाणी शरीराला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, ड्युटी सुटल्यावर अर्धा तास मिळाला तर काय करायला आवडेल, घरच्यांची सगळ्यात मोठी तक्रार काय, आणि आजवर वेल्फेअरच्या नावाखाली झालेली कुठली गोष्ट फुकट गेली असं वाटतं. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात कामाची असतात, खरं सांगतो. चिठ्ठीवर बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) नको, ठाण्याचं नाव नको, पेटीला कुलूप हवं आणि पेटी अशा जागी हवी की टाकताना कोणी बघत नाही, साहेबांच्या केबिनबाहेर ठेवलेली पेटी रिकामीच राहते.

उत्तरं आली की दहा दिवसांच्या आत बोर्डावर लावा. तीन भाग करा, एक आपल्या हातातलं, दुसरं वरिष्ठांच्या हातातलं, तिसरं सध्या कोणाच्याच हातात नसलेलं. तिसरा भाग लपवू नका, लोकांना नकार चालतो, गप्प बसणं चालत नाही. आणि पंधरा दिवसांच्या आत पहिल्या भागातलं एक काम पूर्ण करून दाखवा, कितीही छोटं असलं तरी चालेल. आमच्याकडे पहिलं काम होतं महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी आणि बल्ब. एका दुपारचं काम, पण ते चार वर्षं राहिलं होतं आणि ते झाल्यावर माझ्याशी बोलणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

वेळ: खरं वेल्फेअर ड्युटी चार्टमध्ये असतं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही पोलिसांना कुठेच आपोआप मिळालेली नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९१० साली वेगळा कायदाच करावा लागला, सात दिवसांतून एक दिवस विश्रांती, एवढ्या एका गोष्टीसाठी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा प्रश्न हाच होता आणि भांडण ह्याच एका दिवसासाठी होतं.

झोपेचं म्हणाल तर अमेरिका आणि कॅनडातल्या जवळपास ५००० पोलिसांचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात साधारण ४० टक्के जणांमध्ये झोपेच्या कुठल्या ना कुठल्या विकाराची लक्षणं सापडली. आणि सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ पासून माहीत आहे. आता विचार करा, दारू प्यायलेल्याला आपण गाडी चालवू देत नाही, पण सतरा तास उभं राहिलेल्याला आपण गाडी देतो, हत्यार देतो आणि वर लोकांशी नीट बोल असंही सांगतो.

तर करायचं काय. पहिलं, मागच्या आठ आठवड्यांचं ड्युटी रजिस्टर घेऊन बसा आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे चारच गोष्टी लिहा: किती सुट्ट्या देय होत्या, किती मिळाल्या, किती ऐनवेळी रद्द झाल्या, आणि दोन ड्युट्यांमध्ये अकरा तासांपेक्षा कमी अंतर किती वेळा पडलं. अकरा तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, युरोपियन युनियनमध्ये कामगारांसाठी २४ तासांत सलग ११ तास विश्रांती हा सर्वसाधारण नियम आहे. पोलिसांना तो प्रत्येक वेळी पाळता येत नाही हे मान्य, पण मोजायला काय हरकत आहे. हा तक्ता तयार झाला की दिसतं, त्याच त्याच सात-आठ लोकांची सुट्टी पुन्हा पुन्हा जाते. मुद्दाम कोणी करत नाही बहुतेक वेळा, जो माणूस नाही म्हणत नाही त्याला बोलावलं जातं, बस. हा तक्ता ड्युटी लावणाऱ्या हजेरी मास्तरांसोबत बसून बघा, त्यांच्यावर आरोप करत बघू नका, कारण तेही दोन्हीकडून दबलेले असतात.

दुसरं, ड्युटी चार्ट निदान दोन आठवडे आधी लावा. मुलाच्या शाळेची मीटिंग, आईची डॉक्टरची तारीख, हे सगळं माणूस तेव्हाच ठरवू शकतो. बदल होणारच, पोलिसांचं काम आहे, पण कच्चा का होईना चार्ट समोर असणं आणि रोज रात्री दहाला उद्याची ड्युटी फोनवर कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं, पाळ्या फिरवताना पुढच्या दिशेने फिरवा, सकाळ, मग दुपार, मग रात्र. शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं म्हणून हा क्रम कमी त्रासाचा. रात्रीवरून एकदम सकाळच्या पाळीवर आणणं सगळ्यात वाईट. पाळी किती तासांची असावी यावर अमेरिकेत डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन या शहरांत पोलिसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला, निष्कर्ष २०११ मध्ये आले, दहा तासांच्या पाळीत लोकांना झोप जास्त मिळाली आणि ओव्हरटाइम कमी लागला, बारा तासांच्या पाळीत मात्र सतर्कता कमी आणि पेंग जास्त. याचा अर्थ उद्यापासून सगळ्यांनी दहा तास करा असं मी म्हणत नाही, मनुष्यबळ किती त्यावर ते अवलंबून आहे, पण "आठवड्यात दिवस कमी करून रोजचे तास बारा करा, लोक खूश होतील" असा प्रस्ताव आला तर हा निकाल आठवा. लोक खूश होतील कदाचित, पण थकतीलही.

चौथं, बुडालेल्या सुट्टीचं रजिस्टर. प्रत्येक रद्द झालेल्या सुट्टीची तारीख, कारण आणि ती कधी भरून दिली ती तारीख. शेवटचा रकाना ३० दिवस रिकामा राहिला की तो माणूस पुढच्या चार्टमध्ये सगळ्यात वर. रजिस्टर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर राहू द्या, कपाटात नको, ज्याला बघायचंय त्याला बघता आलं पाहिजे.

आणि अजून एक, जे लोक विसरतात. रात्रपाळी करून सकाळी कोर्टात साक्षीला उभा राहणारा माणूस. कोर्टाच्या तारखा आधी माहीत असतात, त्या चार्टमध्ये लिहा आणि आदल्या रात्री त्याला नाईट देऊ नका. याला एक रुपया लागत नाही. तसंच नाईटवाल्यांना मध्यरात्रीनंतर आळीपाळीने वीस मिनिटांची डुलकी अधिकृतपणे घेऊ द्या, वीसच मिनिटं, कारण जास्त झोपलं की उठल्यावर डोकं जड राहतं आणि लगेच हत्यार किंवा गाडी हातात देणं धोक्याचं. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या असं सांगा, कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तास अंगात राहतो, पहाटे पाचला घेतलेली कॉफी सकाळी दहाच्या झोपेला नडते.

मोठा बंदोबस्त असेल तेव्हा

बंदोबस्ताचा प्लॅन बनतो तेव्हा त्याला एक पान वेल्फेअरचं जोडायचं, आणि ते पान प्लॅनवर सही होण्याआधी जोडायचं. त्यात काय असावं: प्रत्येक पॉइंटपासून सगळ्यात जवळचं स्वच्छतागृह कुठे आणि ते कोणाशी बोलून उघडं ठेवलंय, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सोय कुठे, पाणी किती वाजता कोणाच्या गाडीतून येणार, सावली कुठे, बसायला दहा मिनिटं कोण सोडवणार, आणि सुटका झाल्यावर परत कसं जायचं. महिला कर्मचारी बंदोबस्ताच्या दिवशी मुद्दाम पाणी पीत नाहीत, हे मला एका महिला शिपायांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि कळल्यावर खूप वाईट वाटलं. तेव्हापासून स्वच्छतागृह हा पानावरचा पहिला मुद्दा झाला, पाणी दुसरा.

सोडवणूक करणारी राखीव तुकडी कागदावर असते पण प्रत्यक्षात तिलाही कुठेतरी उभं केलेलं असतं, यावर लक्ष ठेवा. दर दहा जणांमागे एक जण फक्त सोडवायला ठेवला तरी दर माणसाला पाळीत एकदा दोनदा बसता येतं. हेल्मेट आणि जॅकेट घालून उन्हात उभ्या असलेल्या माणसाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी झाली तर त्याला लगेच सावलीत न्यायचं, जॅकेट काढायचं, अंग पाण्याने ओलं करून वारा घालायचा, आणि तो गोंधळल्यासारखं बोलायला लागला तर वाट न बघता अँब्युलन्स. हे प्रत्येक पॉइंट इन्चार्जला तोंडपाठ पाहिजे.

समिती आणि पैसा

वेल्फेअरचं काम आणि पैसा बघणाऱ्या समितीत कोण हवं? अधिकारी एक किंवा दोन, बाकी शिपाई ते जमादार, निदान एक तृतीयांश महिला, एक ड्रायव्हर किंवा वायरलेसमधला, एक कारकून. निवड चिठ्ठ्यांनी, मुदत एक वर्ष, खजिनदार लागोपाठ दोन वर्षं नको. बैठक महिन्यातून एकदा, चाळीस मिनिटं, आणि बैठकीला गेलेला वेळ ड्युटीत धरायचा, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून कोणी येत नाही.

पैसा हा विषय लोक दबक्या आवाजात बोलतात म्हणून मी मोठ्याने बोलतो. पगारातून वर्गणी कापली जात असेल तर प्रत्येकाला हक्काने हिशोब कळला पाहिजे. वेगळं बँक खातं, दोन सह्या, रोखीत व्यवहार जवळजवळ नाही, ठराविक रकमेच्या वरच्या प्रत्येक खरेदीला तीन कोटेशन, आणि महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च नोटीस बोर्डावर. युनिटबाहेरच्या माणसाकडून वर्षातून एकदा तपासणी. वस्तूंचं रजिस्टर वेगळं आणि ते दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून बघायचं, साहेबांच्या बंगल्यावर गेलेली खुर्चीसुद्धा त्यात दिसली पाहिजे.

आणि बाहेरचे पैसे. क्रीडा स्पर्धेला स्पॉन्सर, कार्यक्रमाची तिकिटं, टी-शर्टवर कोणाचं तरी नाव. ज्या माणसाचं ठाण्यात काम असू शकतं, तक्रार, परवाना, चौकशी, काहीही, त्याच्याकडून वेल्फेअरला काही घ्यायचं नाही. बीटवरच्या शिपायाच्या हातात तिकिटांचं पुस्तक देऊन विकून आण म्हणणं हे तर त्या शिपायाचंच नुकसान आहे, उद्या त्याच दुकानदारावर कारवाई करायची वेळ आली तर तो कसा करणार? नियमात देणगी बसत असेल तरी ती वरिष्ठ कार्यालयाच्या लेखी परवानगीने आणि सगळ्यांना दिसेल अशी घ्या. आमचा एक वार्षिक कार्यक्रम एकदा पैशाअभावी लहान करावा लागला, मैदानाऐवजी हॉलमध्ये झाला, कोणाचंही काही बिघडलं नाही.

तातडीच्या मदतीसाठी निधीचा एक हिस्सा बाजूला ठेवा, मी तिसरा हिस्सा ठेवायचो. हॉस्पिटल, अंत्यविधी, घराला आग लागणं, अशा वेळी निर्णय २४ तासांत, समितीतल्या तिघांच्या सहीने, अर्ज नंतर. कोणाला मदत दिली ते नाव बोर्डावर लावायचं नाही, फक्त रक्कम आणि कारणाचा प्रकार.

आता खोली आणि खेळ

एका खोलीत दोन कामं होत नाहीत. झोपायची, पाय पसरायची जागा वेगळी आणि खेळायची वेगळी. एकच खोली असेल तर ती विश्रांतीची करा आणि कॅरम व्हरांड्यात न्या. विश्रांतीच्या खोलीत काळे पडदे, पंखा, स्वच्छ चादरी, मोबाईल चार्ज करायला पुरेसे प्लग आणि दारावर वायरलेसचा आवाज ऐकू येणार नाही इतकं अंतर. महिलांसाठी वेगळी खोली, आतून कडी, सॅनिटरी पॅड आणि ते टाकायची सोय, बाळाला दूध पाजायला किंवा दूध काढून ठेवायला आडोसा. आणि चावी. चावी २४ तास ठाणे अंमलदाराकडे, किंवा कुलूपच नको.

खेळांबद्दल पोलिसांचा इतिहास मोठा आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रस्सीखेचीत सोनं सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या संघाला, रौप्य लिव्हरपूल पोलिसांना आणि कांस्य मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या के डिव्हिजनला मिळालं, तिन्ही पदकं पोलिसांचीच. १९८५ पासून पोलीस आणि अग्निशमन दलांची जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होते, पहिली कॅलिफोर्नियात सॅन होजेला झाली. हे सगळं छानच आहे, पण यातून एक सवय लागते, ती म्हणजे खेळाचं सगळं बजेट पंधरा गुणी खेळाडूंवर जातं आणि बाकीचे साडेचारशे टाळ्या वाजवतात. पदकासाठीचा संघ वेगळ्या निधीतून चालवा. वेल्फेअरचा पैसा त्या ४७ वर्षांच्या, पोट सुटलेल्या, गुडघा दुखणाऱ्या हवालदारासाठी आहे.

त्याला काय चालेल? वयोगटाप्रमाणे सामने, ३५ च्या आत, ४५ च्या आत आणि वरचे. चालण्याचा गट, ड्युटी सुटल्यावर अर्धा तास, कारण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि रोज अर्धा तास पाच दिवस चाललं की १५० होतात. कंबर आणि पाठ मजबूत करणारे व्यायाम, कारण पट्ट्यावरचं वजन आणि गाडीत तासन् तास बसणं याने कंबर जाते. सामना असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं वॉर्म-अप सक्तीचा, वर्षातून एकदा एकदम क्रिकेट खेळायला उतरणाऱ्यांचे स्नायू पहिल्याच धावेत ओढले जातात, मी दोन जणांना तसंच मैदानातून उचलून आणलंय. आणि खेळताना झालेली दुखापत ड्युटीवरची धरली जाणार का, हे स्पर्धेच्या आधी लेखी विचारून घ्या, नंतर भांडायला लागू नये.

सगळ्यांना खेळ आवडत नाही. कोणाला गाणं आवडतं, कोणाला बुद्धिबळ, कोणाला झाडं लावायला, कोणाला नुसतं एकटं बसून वाचायला. पुस्तकांचं कपाट उघडं ठेवा, नेलेलं पुस्तक परत आलं नाही तरी चालेल. घरच्यांसाठी वर्षातून दोनदा कार्यक्रम ठेवा, त्यात भाषणं कमी. आणि करमणूक म्हणजे पार्टी आणि पार्टी म्हणजे दारू हे समीकरण वेल्फेअरच्या पैशातून अजिबात चालू देऊ नका, ताण कमी करायला आधीच दारूकडे वळलेले लोक आपल्यात आहेत, त्यांना आपणच ढकलायला नको.

मनाचं काय

पोलिसांसाठी पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ ठेवायची सुरुवात लॉस एंजलिस पोलिसांनी १९६८ मध्ये मार्टिन रायझर यांना नेमून केली, म्हणजे विषय नवा नाही. तरीही आपल्या लोकांना समुपदेशकाकडे जा म्हटलं की पहिला प्रश्न, रेकॉर्डवर येणार का? प्रमोशन अडणार का? हत्यार काढून घेणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी तयार ठेवा, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही (जीवाला धोका असेल तेव्हा राहणार नाही) हे आधी सांगा. समुपदेशक दलाच्या रिपोर्टिंगबाहेरचा असावा आणि भेटायची जागा ठाण्याच्या आवारात नसावी.

त्याच्या आधीचा टप्पा म्हणजे सोबती. वीस-पंचवीस जणांमागे एक असा माणूस, ज्याच्याशी लोक आधीच बोलतात. तो नेमायचा नाही, लोकांनाच विचारायचं, "रात्री दोनला प्रॉब्लेम आला तर ह्या ठाण्यातल्या कोणाला फोन कराल?" जी नावं पुन्हा पुन्हा येतील ती तुमची माणसं. त्यांना जागतिक आरोग्य संघटनेचं मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन शिकवा, २०११ चं आहे, गाभा तीन शब्दांत, बघा, ऐका, जोडून द्या. सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं आणि योग्य ठिकाणी पोचवायचं.

वाईट घटना झाली, लहान मुलाचा मृतदेह, गोळीबार, सहकाऱ्याचा मृत्यू, तर पूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून घटना पुन्हा सांगायला लावायची पद्धत होती. एकाच बैठकीत सगळ्यांकडून सक्तीने सगळं वदवून घेण्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींना उलट जास्त होतो, म्हणून ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांनी २००५ मध्येच तसं करू नका असं सांगितलं. त्यापेक्षा हे करा: पहिल्या तासात माणसाला घटनास्थळावरून बाजूला घ्या, पाणी, फोन, घरी कळवणं, आणि त्याला एकटं गाडी चालवत पाठवू नका. पहिल्या तीन दिवसांत सोबती एकदा भेटेल, चौकशीचा विषय काढणार नाही. एक महिन्याने पुन्हा विचारायचं, झोप कशी आहे, तेच दृश्य परत दिसतं का, चिडचिड वाढली का, आणि उत्तर हो आलं तर डॉक्टर. एक महिन्याची तारीख डायरीत लिहून ठेवा, पहिल्या आठवड्यात सगळे विचारतात, महिन्याने कोणी विचारत नाही.

आत्महत्येबद्दल. शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, हत्यार त्याच क्षणी दूर, पण सन्मानाने, सगळ्यांसमोर नाही, आणि हे काही दिवसांसाठी आहे, शिक्षा नाही हे सांगून. हत्यार जमा करणं आणि शिस्तभंगाची कारवाई हे दोन वेगळे कागद असले पाहिजेत. हे एक काम नीट झालं तर बाकी वर्षभर काही केलं नाही तरी चालेल, इतकं मी याला महत्त्व देतो.

जखमी, आजारी, आणि मागे राहिलेले

१८९० मध्ये इंग्लंडच्या हॉव्ह इथे कॅथरीन गर्नी यांनी आजारी आणि जखमी पोलिसांना बरं होण्यासाठी समुद्राकाठी एक घर सुरू केलं होतं. त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती, हॉस्पिटलमधून सुटलेला माणूस लगेच ड्युटीला लायक नसतो. आपल्याकडे घर नसेल, पण दीर्घ रजेवरच्या प्रत्येक माणसामागे एक नाव असू शकतं, जो दर आठवड्याला फोन करेल, रजा कधी संपते हे न विचारता. परत आल्यावर पहिले काही आठवडे हलकी ड्युटी, डॉक्टरच्या लेखी सल्ल्याने.

प्रत्येकाची एक पाकीट-फाईल ठेवा: नॉमिनेशन फॉर्म, विमा, रक्तगट, तातडीचे दोन संपर्क. दर वर्षी एका ठरलेल्या महिन्यात प्रत्येकाने स्वतः तपासून सही करायची. लग्नाआधी भरलेला फॉर्म तसाच राहिला आणि पत्नीला पैशासाठी दोन वर्षं फिरावं लागलं, असं माझ्यासमोर घडलंय. मृत्यू झाला तर घरी सांगायला दोघं जा, फोनवर नाही, आणि बातम्यांच्या आधी पोचा. पुढचे सहा महिने त्या कुटुंबासाठी एकच संपर्क माणूस, तोच सगळ्या टेबलांवर कागद घेऊन फिरेल, त्या बाईंना फिरावं लागणार नाही.

मोजायचं कसं आणि सोपवायचं कसं

किती कार्यक्रम झाले हा आकडा निरुपयोगी आहे. मी चार गोष्टी बघायचो: बुडालेल्या सुट्ट्या किती आणि किती दिवसांत भरल्या, आजारपणाची रजा वाढली की कमी झाली, विश्रांतीची खोली रात्री दहा ते सकाळी सहा किती जणांनी वापरली, आणि दर तीन महिन्यांनी तीच निनावी पाच प्रश्नांची चिठ्ठी. चिठ्ठीचे निकाल लावताना पाच-सहा जणांच्या छोट्या गटाचे वेगळे आकडे लावू नका, कोणी काय लिहिलं ते ओळखू येतं. सोबत्यांकडे कोण गेलं हे तर कधीच मोजायचं नाही, फक्त एकूण किती वेळा बोलणं झालं तेवढं.

तुमची बदली होणार, ती होतेच. चार्ज देताना फक्त स्टॉक रजिस्टर देऊन निघू नका. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी, चालू मदतीतली कुटुंबं आणि त्यांचा संपर्क माणूस, महिन्याने विचारायच्या लोकांच्या तारखा (त्या बंद पाकिटात), बँकेतल्या सह्या बदलायचे कागद, आणि नव्या अधिकाऱ्याला एक रात्र सोबत घेऊन तिन्ही जागी फिरून या, लॉकअप गार्ड, कंट्रोल रूम, गाड्या. खोलीची चावी कोणाकडे असते ते फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.